वांगणीची वाटी

मी अकरावीत जाईपर्यंत आमच्या जव्हारच्या घरात स्टीलचं एकही चांगलं भांडं दोन वर्षांवर टिकलं नाही. ती भांडी हरवत नव्हती की कुणी पळवत नव्हतं. आमचे वडील ती पिशवीत घालून डोंगरात नेत आणि त्यांच्या बदल्यात काचेच्या वाट्या घेऊन येत. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. इतरांचे नवरे दारू पीत, पत्ते खेळत, आणि त्यांच्या बायकांना चारचौघींत बसून त्याबद्दल रडता येत असे. आमच्या आईला तीही सोय नव्हती. नवरा वाट्या गोळा करतो म्हणून रडायला बसली असती तर ऐकणाऱ्या हसून लोळल्या असत्या. म्हणून ती घरातच, स्टोव्हला पंप मारता मारता बोलायची. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला एक वाक्य. "लग्नातली कळशी कुठंय? गेली. बहिणीनं दिलेला डबा कुठंय? गेला. आलं काय? तर वाटी. तिच्यात आमटी वाढायची नाही, दही लावायचं नाही, लोणचं काढायचं नाही. अहो, मग ती वाटी कसली? पाहुणी आहे ती! तिलाच पाट मांडा आता."

नवी वाटी दिव्याखाली धरून भाऊ अंगठ्यानं तिच्या कडेपासून बुडापर्यंत चाचपत. त्या वाट्या फुंकून केलेल्या नव्हत्या. वितळलेली काच लोखंडी साच्यात घालून वरून दाबून काढलेल्या होत्या. साच्याचे भाग जिथं जुळतात तिथं काचेवर केसाएवढी शिवण राहते. खऱ्या वाटीला अशा तीन शिवणी असत. "एक... दोन... ही बघ तिसरी," असं म्हणून भाऊ माझा अंगठा धरून त्या शिवणीवरून फिरवत. मला ती कधीच लागत नसे. लागली असं मी म्हणत असे, कारण त्याशिवाय जेवायला वाढलं जात नसे.

हे वेड घरात कसं शिरलं ते सांगायला हवं. मी लहान असताना आमच्या भागात पाड्यापाड्यांवर बोअर मारायला एक परदेशी पथक आलं होतं, फिनलंडहून. भाऊ त्यांच्या जीपवर ड्रायव्हर होते. मुख्य इंजिनिअरची बायको जव्हारात राहायची. सगळे तिला मॅडम म्हणत, पाड्यांवर गोरी बाय. तिनं तिकडून बारा वाट्या आणल्या होत्या. जाड बुडाच्या, तळहातात जड लागणाऱ्या, बाहेरून सागाच्या सालीसारख्या उभ्या खडबडीत रेघांच्या. रंग किंचित धुरकट, गढूळ पाणी निवळत आल्यावर असतो तसा. परत जाताना तिनं त्या वाटून टाकल्या. एक स्वयंपाक्याला, एक चौकीदाराला, बाकीच्या ज्या पाड्यांवर पाणी लागलं तिथल्या बायकांना. प्रत्येकाला एकच. एक भाऊंनाही मिळाली. आणि वाटताना जीप भाऊच चालवत होते. वाटेत कधीतरी ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये मेरी माँ का है. साँचा टूट गया. अब नहीं बनेगा." एवढंच. ती विमानात बसून निघून गेली आणि ते बोलणं आमच्या घरात मुक्कामाला राहिलं. "मीच गाडी चालवली रे," भाऊ म्हणायचे, "एकेक करून मीच विखुरल्या."

म्हणून दर रविवारी आम्ही त्या परत गोळा करायला निघायचो. आम्ही म्हणजे भाऊ, पिशवी, आणि पिशवी धरायला मी. माझ्या वयाची मुलं रविवारी मैदानावर क्रिकेट खेळत असायची आणि मी जामसरच्या बांधांवरून भांड्यांचा खडखडाट करत चाललेला असायचो. लोकांना वाटायचं, आम्ही भांडी विकायला आलोय. बायका बाहेर येऊन विचारायच्या, "जुनं कपडं घेता कं?" मला भूमी दुभंगली तर बरं असं व्हायचं. भाऊ मात्र शांतपणे उत्तर द्यायचे की आम्ही विकत नाही, आम्ही शोधतोय. जामसरला स्वयंपाक्याच्या घरी एका वाटीत खायचा चुना कालवून ठेवला होता. खोडाळ्याच्या बाजारात एक वाटी चहाच्या टपरीवर साखरेला होती. टपरीवाला म्हणाला, सगळं ने, पण साखरेला तेवढं झाकणाचं काहीतरी दे, मुंग्या लागतात. झाकणासाठी पुढचा रविवार गेला. एका घरी अंगणात कोंबडीची पिल्लं तिच्यातून पाणी पीत होती. भाऊ तिथं उकिडवे बसून पिल्लांचं पाणी संपायची वाट बघत राहिले. एकानं बाजारातली साधी वाटी पुढं केली. भाऊंनी अंगठा फिरवला, दोन शिवणी मोजल्या आणि हसून परत दिली.

त्यांचा एक नियम होता. वाटी मागूनच आणायची, आणि बदल्यात काहीतरी द्यायचंच. "मन मारून दिलेली मला नको," असं म्हणायचे. त्या नियमाचा मला फार राग यायचा, कारण त्यापायी एकेका वाटीला तीन-तीन खेपा व्हायच्या. अशा अकरा जमल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवलेल्या. कपाट उघडलं की कागदाची कुरकुर व्हायची आणि आई दुसऱ्या खोलीतून विचारायची, "उठल्या का बाईसाहेब?"

परवा माझ्या मुलीनं फोनवर दाखवलं. तिकडच्या त्या दाबून केलेल्या काचेचे जगभर शौकीन आहेत म्हणे. तासन्‌तास शिवणी आणि रेघा यांवर बोलतात. त्यात आमची वाटी होती. हुबेहूब. एक नव्हे, ढिगांनी. साचा मोडलेला नव्हताच. भाऊ गेले त्यानंतर हे कळलं, हे त्यांचं नशीब. मॅडमला नेमकं काय म्हणायचं होतं देव जाणे. मी फोन पालथा ठेवला आणि मुलीवर उगाच ओरडलो.

बारावी वाटी वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावर होती, सोमी नावाच्या म्हातारीकडं. तिला सगळे डोकरी म्हणत. एसटीनं वावरपर्यंत जायचं आणि पुढं पायी. त्या पाड्यावर बोअरला पाणी लागलं तेव्हा मॅडमनं पहिलं पाणी त्या वाटीत धरलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सोमीच्या हातात ती वाटी दिली. सोमी ते पाणी प्यायली नाही. तिनं ते घरात नेऊन कणसरीपुढं ठेवलं. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तेव्हापासून ती वाटी देवीची झाली. तिच्यात वर्षभर मूठभर तांदूळ असायचे. नवं पीक आलं की पहिले दाणे त्या वाटीत पडायचे, देवीला दाखवायचे, आणि मगच घरात नवा भात शिजायचा. तोवर नव्या तांदळाचा एक दाणाही कुणी तोंडात घालायचं नाही.

हे सगळं पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं होतं. शहाणा माणूस तिथंच थांबला असता. भाऊ आठ वेळा गेले. प्रत्येक वेळी नवं भांडं. डोकरी भांडं हातात घेऊन बघायची, वाजवून बघायची, परत द्यायची आणि आम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, सुकटीची चटणी वाढायची.

"आजी, हे पातेलं बघा, बूड केवढं जाड आहे."

"जाड हाय. तुझ्या बायकोला दे. ती शिव्या देत असंल."

"देते."

"मंग? सायेब, तू येतं, भाकर खातं, मला बरा वाटते. वाटीचा नाव काढू नको."

ती हसायची, तिची सून काशी चुलीपाशी हसायची, भाऊही हसायचे. मी एकटा पाय चोळत बसायचो. परतताना भाऊ म्हणायचे, "देईल. बारावी आली की संपलं बघ." हे "संपलं" मी मनात धरून ठेवलं होतं. शेवटच्या एसटीला लटकत घरी येताना मी हिशेब करायचो, की अजून आठ रविवार, की अजून ऐंशी.

भादव्यात भाऊंची पाठ धरली. अंथरुणातून उठता येईना. रविवारी सकाळी मला बोलावून म्हणाले, "तू जाऊन ये. पातेलं ने. विचार. नाही म्हणाली तर गुपचूप परत ये." पातेलं आईचं होतं, तिच्या नजरेसमोरून मी ते उचललं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण हाही माझा दोष दुसऱ्यावर ढकलण्याचाच प्रकार झाला.

पाड्यावर कुणी नव्हतं. सगळे शेतावर. त्या पाड्यावर तेव्हा कुलूप म्हणून चीज नव्हती. दाराला कुडाचं झाप टेकवलेलं, तेही कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून. मी दोन हाका मारल्या. मग झाप सरकवून आत गेलो. आत थंड होतं, शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास होता. कोपऱ्यात छोट्या पाटावर वाटी होती. कडेला शेंदूर लावलेला, आत तांदूळ. मी फार विचार केला असं म्हणावंसं वाटतं, पण नाही केला. मला फक्त ती खालची वाट दिसत होती, येणारे सगळे रविवार दिसत होते, आणि प्रचंड वैताग आला होता. बाजूला पळसाची पानं पडली होती. एक पान पाटावर ठेवलं, तांदूळ त्यावर ओतले, वाटी टॉवेलात गुंडाळली. ओढ्यावर शेंदूर धुतला. तो लवकर जाईना, वाळूनं घासावा लागला. पातेलं घरी परत नेता येणार नव्हतं. ते करवंदीच्या जाळीत फेकून दिलं.

भाऊंना म्हणालो, दिली.

"स्वतःहून?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, न्या आता."

पाठ दुखणारा माणूस उठून बसला. अंगठा फिरवून तीन शिवणी मोजल्या. मग बाराही वाट्या जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि आईला म्हणाले, "आज यांच्यात वाढ. काय हवं ते." आईनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग शेवयांची खीर केली. तिला एवढी खुशीत मी फार वेळा पाहिलेली नाही. वाट्या निवडून निवडून तिनं चौघांसाठी चार घेतल्या, माझी धाकटी बहीण तर चमचा काचेवर वाजवतच बसली. भाऊंनी नवी वाटी माझ्यापुढं सरकवली. "आणणाऱ्याचा मान." मी खीर खाल्ली. वाटी पुसून खाल्ली, म्हणजे कुणी काही विचारू नये.

माझ्या डोक्यात गोष्ट तिथं संपली होती. पण भाऊंच्या सज्जनपणाचा वैताग असा की तो कशालाही संपू द्यायचा नाही. दिवाळी झाल्यावर, पाठ बरी होताच, त्यांनी आईला घेऊन एक लुगडं निवडलं. "एवढी देवाची वाटी दिली तिनं. पाया पडून आलं पाहिजे." मी पोट दुखतंय म्हणालो, अभ्यास आहे म्हणालो. चालला नाही काही बहाणा.

डोकरी आमच्याकडं बघून हसली नाही. काशीनं भाकऱ्या आणल्या, नागलीच्या. ओटीवर नव्या भाताची कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती. काशीची दोन मुलं कोपऱ्यात नागलीची पेज ओरपत होती. भाऊ मजेत म्हणाले, "काय हे आजी! घरात नवा तांदूळ आणि पाहुण्याला नागली?"

"खात नाय आमी," काशी म्हणाली. "देवीचा भांडा गेला."

"गेलं म्हणजे?"

"गेला म्हंजी गेला. तांदूळ पानावर सोडून गेला. आमी शेतावरून आलो तं वाटी नाय."

मग डोकरी बोलली. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. भाऊंकडं बघत होती. "सायेब, चूक माझी हाय. तू येवढा लांबून आला, आठ टायमाला मागितला, मी नाय दिला. पावन्याला नाय बोलली म्हून ती रुसली. भांडा घेऊन गेली. आता नवा कसा खायाचा? भगताला विचारला, तो बी बोलतो, थांब." तिनं हात जोडले. भाऊंपुढं. "मला माफी कर."

त्या पाड्यावर कधी चोरी झाली नव्हती, म्हणून चोरी तिच्या मनातसुद्धा आली नाही. वस्तू नाहीशी झाली म्हणजे देवीनं नेली. आणि देवीनं नेली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. एवढा सरळ तिचा हिशेब.

भाऊंनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. तो मी मोडतच राहिलो.

"आजी," भाऊ म्हणाले, "देवीनं नाही नेली. मी नेली. तुम्ही शेतावर होता. वाटी माझ्या घरी आहे."

पहिली काशी उसळली. "तुमी? चांगलं माणूस म्हून भाकर घातली तुमाला! आमची दिवाळी नागलीवर गेली. ही पोरं रोज कणगीकडं बघून रडतात, आन् तुमी तिकडं काचंची भांडी मांडून बसला!" भाऊ मान खाली घालून ऐकत होते. डोकरीनं मात्र सुनेच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं. तिचा चेहरा उजळला होता. "म्हंजी माणसानं नेली?" ती परत परत विचारत होती. "माणसानं? मंग ती रुसली नाय! काशे, ऐकला कं? ती रुसली नाय माझ्यावर!" आणि ती हसायला लागली, डोळे पुसत. "चोर रं तू सायेब, सफेद कपड्यातला चोर! उद्या वाटी आनून दे. उद्या नवा खाऊ."

त्यानंतर त्या पाड्यावर भाऊंचं नाव पडलं चोर सायेब. बाजारात कुणी भेटलं तर प्रेमानंच म्हणत, "काय चोर सायेब, बरा हाय ना?" भाऊ "बरं आहे" म्हणत. ते जाईपर्यंत हे चाललं. मी अनेकदा शेजारी उभा असे.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला मारलं नाही, हे मला अजून सहन होत नाही. वावरच्या थांब्यावर आल्यावर म्हणाले, "उद्या तू एकटा जायचं. तिला दोन गोष्टी सांगायच्या. एक, ‘नेणारा मी, भाऊ नाही.’ आणि दुसरं, ह्या वाटीत आम्ही खाल्लंय, उष्टी झालीय. देवीपुढं ठेवायची की नाही ते तिनं ठरवू दे. न ठेवली तर फडताळातली दुसरी नेऊन देऊ. आईनं त्या दिवशी चारच काढल्या होत्या, बाकीच्यांत आपण खाल्लेलं नाही. त्यांतली कुठली चालेल ते तीच सांगेल. पण खरं सांग."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून गेलो. वाटभर दोन्ही वाक्यं म्हणत गेलो, पाढ्यासारखी. ओटीवर सगळे वाट बघत बसले होते. डोकरीनं वाटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली.

"कोनी दिला तुला?"

"भाऊंनी पाठवली," मी म्हणालो.

पहिलं वाक्य असं गेलं. ती वाटी उजेडात धरून फिरवत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, सरळ, जराही संशय न घेता, नुसती रीत म्हणून विचारावं तसं. "पोऱ्या, यात कोनी खाल्ला नाय ना?"

मुलं उपाशी होती म्हणून मी खोटं बोललो, असं मी बायकोला एकदा सांगितलंय. तेही खोटं आहे. मुलं माझ्या मनात नव्हती. खरं सांगितलं तर आणखी एक खेप पडणार होती, फडताळातली दुसरी वाटी, परत एसटी, परत ही वाट. मला वैताग आला होता. सोळा वर्षांच्या मुलाला येतो तेवढाच साधा वैताग.

"नाही," मी म्हणालो.

तिनं वाटीला शेंदूर लावला, कणगीतले दाणे सोलून तिच्यात घातले, पाटावर ठेवली आणि बराच वेळ पुटपुटत राहिली. काशीनं चूल पेटवली. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. भात पहिल्यांदा माझ्या पानावर पडला, कारण पहिला घास पाहुण्याचा. मी घेतल्याशिवाय घरातल्या कुणाला घेता येत नव्हता. ती दोन मुलं पानांसमोर बसून माझ्या हाताकडं बघत होती. मी खाल्लं.